रिपोर्टिंग सकाळी आठ वाजता

कॉलेजांच्या क्रीडा स्पर्धा वाटून घ्यायच्या जुलैच्या बैठकीत बुद्धिबळाचं यजमानपद मागायला सात-आठ हात वर होतात आणि क्रॉसकंट्रीचं नाव निघालं की सगळे चहाच्या कपात बघायला लागतात. बुद्धिबळाला काय लागतं? एक हॉल, टेबलं, पंखे आणि दुपारच्या जेवणाला वरण-बट्टी. क्रॉसकंट्रीला दहा किलोमीटरचा रस्ता आखा, पोलीस स्टेशनला पत्र द्या, दवाखान्याची गाडी सांगा, वळणावळणावर एनएसएसची पोरं उभी करा, आणि एवढं करून शेवटी कुणीतरी येऊन सांगतंच, "मॅडम, त्याने कपाशीतून शॉर्टकट मारला."

अशा बैठकांना मी नोकरीभर बसले. आधी एका तालुक्याच्या कॉलेजची शारीरिक शिक्षण संचालक म्हणून मागच्या खुर्चीवर, नंतर विभागीय क्रीडा समितीची सचिव म्हणून टेबलाच्या पलीकडे. निवृत्त झाल्यापासून घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, "काय काम असायचं हो तुम्हाला? शिट्टी वाजवायची ना?" शिट्टी पंच वाजवतात. सचिवाच्या हातात असते ती कार्यक्रमपत्रिका. कोणता संघ खेळणार आणि कोणता न खेळताच घरी जाणार, हे पुष्कळदा त्या कागदावरच ठरून गेलेलं असतं.

मी मूळची अमळनेर तालुक्यातली, खो-खो खेळणारी. आमच्या वेळी खानदेशातली सगळी कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. निवड चाचणीला पुण्याला जायचं म्हणजे जळगावहून महाराष्ट्र एक्सप्रेसचा जनरल डबा, मांडीवर बॅग, आणि सोबतीला कुणाचे तरी नाना किंवा आबा, कारण एकट्या पोरींना कोण पाठवणार? उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ जळगावात सुरू झालं ते १५ ऑगस्ट १९९० ला. २०१८ मध्ये त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं. पुणं सुटलं याचा आम्हा खेळाडूंना केवढा आनंद झाला होता! पण अंतर काही सुटलं नाही. नवापूरला गुजरातची हद्द रेल्वे स्टेशनातूनच जाते, आणि दुसऱ्या टोकाला रावेरच्या पुढे मध्य प्रदेश लागतो. एवढा सगळा मुलूख एका विद्यापीठात. म्हणून स्पर्धांसाठी जळगाव, एरंडोल, धुळे, नंदुरबार असे विभाग पाडलेले. आधी विभागात कॉलेजं आपसात खेळणार, मग विभागाचे निवडलेले संघ एकमेकांशी, त्यातून विद्यापीठाचा संघ, आणि तो पुढे पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला. तिथे पहिल्या चारात आलात तर अखिल भारतीय.

माझं कॉलेज नंदुरबार विभागात. नोकरीला लागले तेव्हा नंदुरबार हा वेगळा जिल्हासुद्धा नव्हता, धुळ्यातच होता. तो झाला १ जुलै १९९८ ला. शहादा, तळोदा, नंदुरबार ही गावं तापीच्या सपाटीवर, रस्ते बरे. पण धडगाव, मोलगी, तोरणमाळ या बाजूच्या पोरी सातपुड्यातून उतरून येणार. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड आली की तळोद्याचा रस्ता बंद आणि शहाद्याचा फेरा.

आणि दरवर्षी प्रत्येक परिपत्रकावर छापलेलं असायचं: रिपोर्टिंग सकाळी आठ वाजता.

हे आठ कुणी ठरवले होते देव जाणे. माझा आपला अंदाज असा, की संघ आदल्या दिवशी शहरात येऊन मुक्काम करतात, अशा काळातून ते चालत आलं असावं. आमच्याकडे आदल्या रात्री मुक्काम म्हटला की निम्मा संघ गळतो. मुलींचा तर सगळाच. आमच्या एका रेडरचे वडील मला कॉलेजच्या फाटकाशी गाठून म्हणाले होते, "पोरले धाडस मी मॅडम, पन रातले घर उनी पाह्यजे." यात त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. त्यांनी पोरीला पाठवायची तयारी दाखवली होती, वेळ तेवढी आम्ही पाळायची होती.

एक प्रसंग अजून डोळ्यांसमोरून जात नाही. तेव्हा मी सचिव नव्हते, माझा संघ घेऊन गेले होते. महिला कबड्डी, मातीचं मैदान, सकाळीच पाणी मारून फक्की आखलेली. सव्वानऊला डोंगराकडच्या एका कॉलेजचं नाव तीनदा पुकारलं गेलं. कुणी नाही. समोरच्या संघातल्या सातही जणी मैदानात उभ्या राहिल्या, पंचांनी शिट्टी वाजवली, स्कोअरशीटवर 'पुढे चाल' लिहून झालं. साडेदहाच्या सुमारास एक काळी-पिवळी येऊन थांबली आणि तिच्यातून त्या पोरी उतरल्या. मागच्या शिडीवर लटकलेली एक तर उतरताना आधीच ओढणी कमरेला बांधत होती, मॅच लगेच असेल म्हणून. त्यांच्यासोबतच्या सरांनी टेबलापाशी येऊन विचारलं, मग मागे वळून नुसती मान हलवली. कर्णधार पोरगी पुढे आली आणि म्हणाली, "सर, आम्ही खेळून तर बघू? मोजू नका." तेही झालं नाही, कारण मैदान एकच आणि पुढची मॅच लागलेली. सरांना मात्र उपस्थितीचं प्रमाणपत्र लगेच मिळालं, प्रवासभत्त्याला ते लागतं. पोरींनी सावलीत बसून फडकी सोडली, भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाल्ला, आणि दुपारपर्यंत दुसऱ्यांच्या मॅचला टाळ्या वाजवल्या.

त्या पोरी उशिरा निघाल्या होत्या का? नाही. गावातली मुक्कामी गाडी जेवढ्या लवकर सुटते तेवढ्या लवकर निघाल्या होत्या. तिच्या आधी त्या गावातून दुसरं वाहनच निघत नव्हतं.

पुढे सचिव झाले तेव्हा टेबलाच्या खणात पहिली गोष्ट ठेवली ती एसटीची वेळापत्रकं. नंदुरबार, शहादा, नवापूर, अक्कलकुवा, चारही आगारांची. कंट्रोलरकडून मागून आणलेली, काही हाताने उतरवून घेतलेली. लोक हसायचे. "मॅडम, तुम्ही स्पर्धा घेताय की बस स्टँड चालवताय?" बाद फेरीचे लॉट्स पाडणं सोपं असतं. अकरा संघ असले तर सोळातून अकरा वजा, पाच बाय, म्हणजे पाच संघ पहिली फेरी न खेळताच पुढे. गेल्या वर्षीचे विजेते आणि उपविजेते दोन वेगळ्या अर्ध्यांत टाकायचे, बाकीच्यांच्या चिठ्ठ्या. चिठ्ठ्या मी कायम सगळ्यांदेखत आणि एखाद्या खेळाडूच्याच हाताने काढल्या, त्यात कधी हात घातला नाही. पण कोण कोणाशी खेळणार एवढंच चिठ्ठी सांगते. किती वाजता, ते सचिव लिहितो. लांबच्या संघाची मॅच मी गुपचूप बाराच्या पुढे ढकलायचे आणि ज्यांच्या कॉलेजसमोरून दर अर्ध्या तासाला गाडी जाते त्यांना पहिली लावायचे. यावर पहिल्या वर्षी कुरकुर झाली, दुसऱ्या वर्षी लेखी झाली. एक सर म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा पाहिजे." मी म्हटलं, सारखाच आहे, सर. सगळ्यांना घरून निघायला तेवढाच वेळ मिळतोय.

वेळेचं झालं, तारखांची गोष्ट आणखी अवघड. विद्यापीठाचं वेळापत्रक आलं की मी त्याच्या शेजारी आमचं घरचं वेळापत्रक मांडायचे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घ्यावं तर आमची काळी माती. एक पाऊस झाला की खो-खोचा खांबसुद्धा सरळ उभा राहत नाही, पोरींच्या पायाला एकेक शेर चिखल. ऑक्टोबरपासून कापसाची वेचणी, आणि वेचणीचे पैसे हातात येत असताना खेळायला कोण येणार? दिवाळीच्या आसपास सत्र परीक्षा. दिवाळी झाली की डोंगराकडची कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला गुजरातकडे जातात, त्यांत आमच्या खेळाडू असतात. डिसेंबरात दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा. घोडेबाजार बघायला लांबलांबची माणसं येतात ते ठीक, पण एसटीच्या गाड्या यात्रेला लागतात आणि खेड्यांच्या फेऱ्या कमी होतात. पुरुष कबड्डी नेमकी यात्रेत लावणारे एक साहेब होते. त्यांना मी फोन करून म्हटलं, "साहेब, पोरं घोडे बघायला जाणार नाहीत असं धरून चालू, पण गाड्या तर जाणार ना?" तारीख बदलली.

कागदांचं काम म्हणाल तर तो वेगळाच खेळ. पात्रता अर्जावर प्राचार्यांची सही, शिक्का, बारावीची गुणपत्रिका, प्रवेशाची तारीख, वयाचा पुरावा. कबड्डीत वजनही लागतं, पुरुषांना ८५ किलोची मर्यादा, महिलांना ७५. पुरुषांच्या वजनाच्या वेळी गंमत असते. एम.ए.ला खास कबड्डीसाठी आणलेले दोन-चार पैलवान स्वेटर घालून भर उन्हात मैदानाला चकरा मारत असतात, आदल्या रात्रीपासून पाण्याचा घोट नाही, आणि काट्यावर उभं राहताना श्वास रोखतात, जणू श्वासाचंही वजन धरणार आहेत. मुलींच्या वेळी हा प्रश्न कधी आला नाही. आमच्या बऱ्याच पोरींचा काटा पन्नाशीसुद्धा गाठत नाही. नवरात्रात स्पर्धा आली तर निम्म्या जणींना उपास, तोही चहावर काढलेला. मी यजमान कॉलेजला जे पत्र पाठवायचे त्यात शेवटी हाताने लिहायचे: केळी ठेवावीत. खानदेशात केळी मागायला लाज कसली!

मुलींच्या अर्जात एक अडचण अशी, जी नियम करणाऱ्यांना सुचलेलीच नसते. सेकंड इयरला कर्णधार असलेल्या पोरीचं अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे लग्न लागतं. तिचं नशीब आणि सासरची माणसं चांगली असली तर ती थर्ड इयरला येते आणि खेळतेही. पण आता आधारवर सासरचं नाव, गुणपत्रिकेवर माहेरचं. छाननीत अर्ज बाजूला पडतो: नावात तफावत. लग्न झालं म्हणून खेळायला बंदी कुठेच नाही, पण दोन कागदांवरची दोन नावं बघून कारकून थबकतो, आणि मॅच उद्या सकाळी असते. मी विवाह नोंदणीचा दाखला किंवा प्रतिज्ञापत्र आणि प्राचार्यांचं एक ओळीचं पत्र असा साचाच करून सगळ्या कॉलेजांना वाटून टाकला होता. एका पोरीचा नवरा स्वतः मोटारसायकलवरून ते प्रतिज्ञापत्र घेऊन आला आणि मॅच संपेपर्यंत थांबला. तिने त्या मॅचमध्ये एकाच रेडमध्ये तिघींना बाद केलं. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत, लाजला असेल, पण शेजारच्याला कोपर मारून काहीतरी सांगत होता.

उद्घाटनांबद्दल न बोललेलं बरं. तरी सांगते. प्रमुख पाहुणे अकराच्या उद्घाटनाला एकला येतात, आणि तोवर पोरं संचलनाच्या रांगेत उन्हात उभी. यावर माझा उपाय साधा होता: पहिल्या दोन मॅचेस उद्घाटनाआधी. पाहुणे आले की चालू मॅचच्या मध्यंतरात नारळ. संस्थाचालकांना पहिल्यांदा हे रुचलं नाही, पण पेपरात फोटो चांगले आले, मागे खरोखरचे घामेजलेले खेळाडू, मग रुचलं.

माझा भाचा अमेरिकेत इंडियानात असतो. त्याच्या भागातली विद्यापीठं 'बिग टेन' नावाच्या कॉन्फरन्समध्ये खेळतात. कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांनी मिळून चालवलेली स्पर्धांची संघटना, कामाने आमच्या समितीसारखीच, फक्त पैशाला तोटा नाही. ही १८९६ साली सुरू झाली. १९२२ मध्ये जॉन ग्रिफिथ यांना पहिला कमिशनर नेमलं, म्हणजे माझ्यासारखं काम, पण पूर्णवेळ आणि पगारी! मला विभागाचं काम कॉलेजचे तास सांभाळून करावं लागे, आणि त्याचं मानधन किती ते लिहिलं तर तुम्हाला छपाईची चूक वाटेल. भाच्याने वेन ड्यूक नावाच्या गृहस्थांबद्दल वाचायला पाठवलं. १९५२ मध्ये एनसीएए या त्यांच्या राष्ट्रीय संघटनेचं ऑफिस नुकतंच उभं राहत होतं तेव्हा ते तिथे लागले, १९६३ मध्ये बिग एट या दुसऱ्या कॉन्फरन्सचे कमिशनर झाले, १९७१ ते १९८९ बिग टेनचे. अख्खं आयुष्य वेळापत्रकं, नियम आणि भांडणं मिटवण्यात. वाचताना एकदम ओळखीचा माणूस वाटला.

पण बिग टेनचं आताचं ऐकून हसावं की रडावं कळेना. २०२४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरची चार विद्यापीठं त्यांनी घेतली. नावात दहा, प्रत्यक्षात अठरा. लॉस एंजेलिसच्या मुली मॅचसाठी न्यू जर्सीला, म्हणजे देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, आणि परत येऊन वर्गात बसायचं. कारण काय, तर अमेरिकन फुटबॉलचे टीव्हीचे पैसे. भाचा म्हणाला, "मावशी, तिथे वेळ टीव्ही ठरवतो." म्हटलं, आमच्याकडे एसटी ठरवते, एवढाच फरक. आणि एसटी निदान तोट्यात तरी चालते.

एसटी किती ठरवते ते २०२१ मध्ये दिसलं. कोविडनंतर कॉलेजं नुकती उघडली आणि दिवाळीच्या तोंडावर संप सुरू झाला, तो पुढच्या एप्रिलपर्यंत. त्या वर्षी जे काही झालं ते काळी-पिवळीवर आणि पालकांच्या पिकअपवर. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा आमच्या मुलींच्या संघाचा प्रवासखर्च एका दमात निम्म्यावर आला. पैसे वाचले म्हणून मी खुश, तर लेखा विभागातून विचारणा: मुलांचं बिल इतकं आणि मुलींचं निम्मंच कसं, खुलासा करावा. केला.

आता शेवटचं. आठ वाजताचं ते रिपोर्टिंग मी माझ्यापुरतं वळवून घेत होते, पण परिपत्रकावर आठच छापलेलं असायचं. दुसरा सचिव आला असता तर त्याने आठ म्हणजे आठच धरले असते. म्हणून एका वर्षी महिला खो-खोचं यजमानपद मी घाटावरच्या एका कॉलेजला देण्याची शिफारस केली. त्यांनी यापूर्वी कधीच मागितलं नव्हतं, कारण मिळणार नाही हे त्यांनी गृहीत धरलेलं. प्राचार्य फोनवर दोनदा म्हणाले, "मॅडम, नक्की ना?" मैदान त्यांच्या पोरींनी आणि शिपायांनी मिळून तयार केलं, दगड वेचून, रोलर नव्हता म्हणून पाण्याने भरलेला पिंप लोळवून. जेवायला ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ, आणि वाढायला गावच्या बायका.

परिपत्रक नेहमीचंच पाठवलं. एक अक्षर बदललं नाही.

आठला मैदानावर यजमान संघ आणि मी. सपाटीवरचे संघ साडेदहापासून यायला लागले, दोन गाड्या घाटात अडकलेल्या, पोरी उलट्या करून पिवळ्या पडलेल्या. कुणालाही पुढे चाल दिली नाही, सगळ्यांची वाट बघितली, पहिली मॅच पावणेबाराला लावली. यजमान पोरी उपांत्य फेरीत एका गुणाने हरल्या आणि रडल्या, ते रडणं मात्र खेळून हरल्याचं होतं.

आठवड्याने माझ्या टेबलावर तक्रार आली, एका शहरातल्या कॉलेजची, दोन पानी, जावक क्रमांकासह. स्थळ गैरसोयीचे. विद्यार्थिनींना पहाटे निघावे लागले. पालकांनी नाराजी व्यक्त केली. रिपोर्टिंगची वेळ दूरच्या महाविद्यालयांवर अन्याय करणारी आहे, तरी समितीने याचा गांभीर्याने विचार करावा.

मी ती तक्रार अक्षरशः जशीच्या तशी पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घेतली. चर्चा फारशी झालीच नाही. महिलांच्या सर्व सांघिक स्पर्धांसाठी रिपोर्टिंग सकाळी अकरा वाजता, आणि प्रवासाचं अंतर पाहून सामन्यांचा क्रम लावण्याचा अधिकार सचिवाला, असा ठराव एकमताने झाला. इतिवृत्तात सूचक म्हणून तक्रार करणाऱ्या सरांचंच नाव आहे. अनुमोदक घाटावरचे.